अवधाण आलंय

सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजच्या मैदानावर अनवाणी खेळून आलेलं पोर दोन दिवसांनी जांघेत दुखतं म्हणून कुरकुरू लागतं. आज्जी जांघ चाचपते, सुपारीएवढी गाठ बोटाला लागते आणि ती सरळ पोराचा तळपाय उलटा करते. टाचेत बाभळीचा काटा, पिकलेला. “अवधाण आलंय. आधी काटा काढा.”

या शब्दावर मी लुब्ध आहे. पाठ्यपुस्तकात याच गाठीला लसीका ग्रंथी म्हणतात. ते नाव बरोबर आहे, पण त्यात टाचेचा पत्ता नाही. अवधाण म्हणजे दुसरीकडच्या दुखण्याने इथे आलेली सूज. सगळं निदान एका शब्दात. शिवाय कानाला तो ‘अवधान’ ऐकू येतो. ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागतात ते. व्युत्पत्तीचं कोशकार बघतील. अर्थ मात्र चपखल बसतो, कारण ती गाठ लक्षच देत असते.

काट्याबरोबर शिरलेले जंतू आणि त्यांचे तुकडे लसीकेतून वर चढतात. लसीकेला हृदयासारखा पंप नाही; वाहिन्यांचं आकुंचन आणि पोटरीची हालचाल यांवर तिचं भागतं. गाठीत तो तुकडा असंख्य पांढऱ्या पेशींपुढे धरला जातो. त्याच्याशी जुळणाऱ्या मोजक्याच. जुळलेली पेशी थांबते, फुगते, दुणावत जाते. काही दिवसांत एकीच्या हजारो होतात. जांघेत ठणकते ती हीच दाटी. घशातले टॉन्सिल, पोटातली पाणथरी यांचंही काम याच जातीचं.

‘लस’ही बघा. जखमेतून झिरपते ती लस, दंडावर टोचतात तीही लस. आणि दंडावरच्या लसीची खबर पोचते काखेतल्या गाठींत!

गाठींची ही ठाणी कधी शत्रूच्या हाती पडतातही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्याला लोकांनी गाठीचा ताप म्हटलं. त्याचे जंतू गाठीतच तगून वाढत. मानेतल्या गंडमाळा बहुधा क्षयाच्या.

काट्याचं अवधाण काटा निघाला की आठ-पंधरा दिवसांत बसतं. पण न दुखणारी, टणक, तीन आठवड्यांनीही न बसलेली गाठ आज्जीवर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.