जाम नदीचे दोन तीर आणि ‘द ग्रेट गॅट्सबी’

परभाषेतील एखादी कादंबरी वाचकांपुढे ठेवताना टीकाकार बहुधा तिच्या परकेपणाचीच अधिक चर्चा करतात. तेथील समाज निराळा, तेथील नीती निराळी, तेव्हा तेथील दुःखही आपल्याला परकेच असणार, असे गृहीत धरले जाते. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड याची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी वाचताना मात्र या समजुतीस धक्का बसतो. १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेल्या या लहानशा ग्रंथात संपत्ती, लौकिक आणि गमावलेले प्रेम यांची जी गुंतागुंत आहे, तिचे मर्म सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील मराठी माणसाला उमगण्यास भाष्यकाराची फारशी गरज नाही. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते व त्या वर्षी त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील लोकांनी हीच कथा आपल्या नदीच्या पात्रात पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. म्हणूनच ही अमेरिकन कादंबरी येथील कथेशेजारी ठेवून वाचावी, असे वाटते.

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. श्रावण अमावास्येला पोळा होतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरास मारबतींची मिरवणूक निघते त्याच दिवशी, येथे गोटमार भरते. पळसाचे झाड आणून नदीच्या मध्यभागी रोवतात, त्यास झेंडा बांधून पूजा करतात आणि मग दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्ण्याचे लोक झेंडा तोडून नेऊ पाहतात, सावरगावचे लोक त्यांना अडवतात. अखेरीस तो झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो. प्रथेच्या उगमाविषयी एकाहून अधिक कथा आहेत. सैनिकांच्या युद्धसरावातून ती निघाली, असेही सांगतात. परंतु लोकमनात रुजली आहे ती कथा प्रेमाचीच. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीच्या मध्यावर आली, तोच मागून दगड आले; ते पाहून समोरूनही दगड सुटले, आणि दोघेही पाण्यातच मरण पावली. मग दोन्ही गावांस पश्चात्ताप झाला, मृतदेह चंडीमातेपुढे नेण्यात आले, पूजा झाली आणि नंतर अंत्यसंस्कार. आजही सावरगावचे लोक त्या पळसाला आपली कन्या मानतात आणि पांढुर्णेकर स्वतःस वरपक्ष समजतात.

फिट्झजेराल्डच्या कादंबरीतही एक पाणी आहे आणि त्याला दोन तीर आहेत. न्यूयॉर्कजवळच्या एका खाडीच्या पूर्वतीरावर पिढीजात श्रीमंतांची वस्ती आहे; पश्चिमतीरावर नव्याने धनवान झालेले लोक राहतात. पश्चिमेकडील एका प्रचंड वाड्यात जे गॅट्सबी राहतो. त्याचे मूळ नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डकोटातील गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा सतराव्या वर्षी स्वतःचे नाव बदलतो आणि पुढे जणू स्वतःचा जन्मही बदलू पाहतो. १९१७ साली, सैन्यात अधिकारी असताना, लुइव्हिल येथे डेझी नावाच्या सधन कुळातील मुलीवर त्याचे प्रेम जडते. युद्ध त्याला दूर नेते. १९१९ च्या जून महिन्यात डेझीचा विवाह शिकागोच्या टॉम ब्युकॅनन या गर्भश्रीमंताशी होतो. १९२२ च्या उन्हाळ्यात कथा सुरू होते, तेव्हा गॅट्सबीने अपार पैसा मिळवून नेमका डेझीच्या घरासमोरचा तीर आपल्या निवासासाठी निवडलेला असतो. तिच्या धक्क्यावर रात्रभर जळणाऱ्या हिरव्या दिव्याकडे तो हात पसरून उभा राहतो. तो तिचा शेजारी नव्हे. तो पैलतीरावरचा माणूस आहे.

येथे संपत्तीचे चित्रण लेखकाने ज्या तपशिलांतून केले आहे, त्यांतला एक पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाने अवश्य लक्षात घ्यावा. दर शुक्रवारी गॅट्सबीच्या घरी संत्र्यांच्या व लिंबांच्या पेट्या येतात आणि दर सोमवारी त्याच फळांच्या पिळून रिकाम्या झालेल्या अर्ध्या सालींचा ढीग मागील दाराने बाहेर पडतो. संत्र्याच्या बागांवर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, आंबिया आणि मृग बहरांचा हिशेब ज्यांच्या घरात रोज चालतो, त्यांना या एका चित्रातून त्या वैभवाचे पोकळपण जितके कळेल तितके दहा पाने व्याख्यान ऐकूनही कळणार नाही. शेकडो पाहुणे येतात, बहुतेक न बोलावता. यजमानाचे अन्न खातात आणि त्याच्याच अंगणात त्याच्याविषयी कुजबुजतात. कोणी म्हणतो, त्याने माणूस मारला आहे. कोणी म्हणतो, तो जर्मनांचा हेर होता. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, आणि गॅट्सबीचा पैसा चोरट्या दारूच्या व तशाच इतर व्यवहारांतून आलेला आहे. टॉम ब्युकॅननच्या पैशाचा उगम मात्र कोणी विचारीत नाही, कारण तो जुना आहे. आपल्याकडे स्थळ पाहताना ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाआधी ‘घराणे कोणते’ हा प्रश्न येतो. गॅट्सबीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर पैशाने तयार केले. दुसऱ्याचे उत्तर विकत मिळत नाही, हे त्याला अखेरपर्यंत समजले नाही.

कादंबरीचे हृदय विवाहाच्या आदल्या संध्याकाळच्या प्रसंगात आहे. टॉमने साडेतीन लक्ष डॉलर किमतीची मोत्यांची माळ पाठवलेली आहे आणि त्याच वेळी डेझीच्या हाती गॅट्सबीचे पत्र येते. ती मद्यपान करते, माळ परत करा म्हणते, विवाह मोडण्याची भाषा बोलते. मग तिला थंड पाण्यात बसवतात; हातात घट्ट धरलेल्या पत्राचा पाण्यात लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात मोती घालून ती विवाहवेदीपुढे उभी राहते.

हा प्रसंग वाचताना आपल्या वाचकांस दुसरे एक पत्र आठवल्यावाचून राहणार नाही. शेजारच्या मुलताईच्या पठारावर उगम पावून वर्धा नदी खाली वऱ्हाडात उतरते आणि तिच्याच काठी रुक्मिणीचे माहेर, कौंडिण्यपूर, आहे. भावाने शिशुपालाशी ठरवलेला विवाह तोंडावर आला असता रुक्मिणीने श्रीकृष्णास पत्र धाडले, देवीच्या दर्शनास मी बाहेर येईन तेव्हा मला घेऊन जा असे कळवले, आणि तो वेळेवर आला. भागवताच्या दशमस्कंधातील ही कथा एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवरा’त मराठीत आणली आणि विवाहेच्छू मुली आजही त्याचे पारायण करतात. दोन्ही पत्रे विवाहाच्या उंबरठ्यावरचीच आहेत. भेद असा की एक पत्र स्त्रीने लिहिले व दुसरे स्त्रीला आले. रुक्मिणीने स्वतःचा निर्णय स्वतःच्या शब्दांत सांगितला. डेझीपाशी निर्णय नव्हता, केवळ आठवण होती. आणि ज्याची आठवण होती तो हजारो मैल दूर, सागरापार होता. द्वारकेचा रथ घटकेवर पोहोचला. गॅट्सबी परतला तेव्हा डेझी पतीसह मधुयात्रेस गेली होती, आणि पुढे तीन वर्षांनी तो आला तो वाडा घेऊन. म्हणून डेझीवर सारा दोष लादणारी टीका आम्हांस अन्यायाची वाटते.

गॅट्सबीचा प्रमाद प्रेमात नाही, द्रव्यार्जनातही सर्वस्वी नाही. भूतकाळाची पुनरावृत्ती करता येते, असा त्याचा दृढ विश्वास आहे आणि तेथेच त्याचे चुकते. डेझी पुन्हा भेटली, त्याच्या उंची सदऱ्यांच्या राशीत तोंड खुपसून रडली, एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. मी टॉमवर कधीही प्रेम केले नव्हते, असे तिने म्हटले पाहिजे. म्हणजेच मधली वर्षे पुसली गेली पाहिजेत. ती प्रामाणिकपणे सांगते की आपण दोघांवरही प्रेम केले. त्या क्षणी गॅट्सबीचे सर्व बांधकाम ढासळते. जी स्त्री त्याच्यासमोर उभी होती तिला काही वर्षांचे आयुष्य होते, एक लहान मुलगी होती. जिची त्याने वाट पाहिली होती तिला यांपैकी काहीच नव्हते. डेझी शेजारी उभी असताना त्या हिरव्या दिव्याचे पूर्वीचे महत्त्व उरत नाही, असे लेखकाने आधीच सुचवले आहे. त्या एका सूचनेत पुढील सर्व शोकान्त साठवलेला आहे.

पुढे गॅट्सबीच्या मोटारीखाली टॉमची प्रेयसी मरते. मोटार डेझी चालवीत असते. मृत स्त्रीच्या नवऱ्यास टॉम गॅट्सबीकडे बोट दाखवून मोकळा होतो आणि गॅट्सबी आपल्याच स्नानतलावात गोळीस बळी पडतो. शेकडोंनी ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या अंत्ययात्रेस पावसात वृद्ध पिता, निवेदक निक, काही नोकर, एक टपालवाला आणि एक जुना पाहुणा एवढेच येतात. दुसऱ्या एका पाहुण्याचा फोन येतो, तो आपले विसरलेले खेळाचे बूट मागण्यासाठी. डेझीकडून फूलही येत नाही. संपत्तीने मिळवलेल्या लौकिकाचे मोल लेखकाने येथे इतक्या थंडपणे मांडले आहे की वाचक अस्वस्थ होतो.

कादंबरीत उणिवा आहेत. डेझीचे अंतरंग तिच्या स्वतःच्या बाजूने आपल्याला कधीच दिसत नाही; निकच्या दृष्टीतून जेवढे दिसेल तेवढेच. वुल्फशाइम या ज्यू व्यवहारकर्त्याचे चित्रण पूर्वग्रहाने विकृत झाले आहे. २०१३ च्या चित्रपटात ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली, तरी मूळ लेखनातील दोष त्यामुळे झाकला जात नाही. लेखकाचा अनुभव मात्र उसना नव्हे. आर्थिक स्थैर्य नाही म्हणून १९१९ साली झेल्डा सेअर हिने त्याच्याशी ठरलेला विवाह मोडला, आणि पहिली कादंबरी प्रसिद्ध होताच १९२० च्या एप्रिलमध्ये तो झाला. द्रव्याविना प्रेम परत जाते, हे त्याने भोगले होते. द्रव्यासह ते परत आले तरी मनात काय सलते, हेही त्याला ठाऊक होते. १९४० साली तो वारला तेव्हा या कादंबरीस फारसे वाचक नव्हते. १९४५ मध्ये सैनिकांसाठी तिच्या सुमारे दीड लाख प्रती छापल्या गेल्या आणि तेथून तिचा खरा लौकिक सुरू झाला.

आता पुन्हा जाम नदीकडे वळू. न्यूयॉर्कच्या खाडीवरील माणसांपेक्षा आपल्या कथेतील माणसे एका बाबतीत निश्चित थोर आहेत. त्यांना पश्चात्ताप झाला. ज्यांना मारले त्यांना देवीपुढे नेऊन त्यांनी आपला अपराध मान्य केला. टॉम आणि डेझी आपल्या पैशाच्या आड जाऊन बसतात. पांढुर्णा आणि सावरगाव दर वर्षी नदीच्या मध्यावर परत येतात. परंतु परत येऊन काय करतात? पुन्हा दगडच मारतात. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राण गेले आहेत. शासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते टिकले नाहीत. गॅट्सबीने जो हट्ट एकट्याने धरला तोच येथे दोन गावे मिळून धरतात: झाले ते जसेच्या तसे पुन्हा झाले पाहिजे. आणि डेझीप्रमाणेच सावरगावच्या त्या मुलीचाही शब्द कथेत कोठेच नाही. तिचे नावही उरलेले नाही. तिच्या जागी एक पळस उभा आहे. ज्या गावाने तिच्यावर पहिला दगड उचलला तेच त्या पळसाला कन्या म्हणून पूजते.

परंपरेचा अवमान करण्याचा येथे हेतू नाही. त्या दिवसाचे दोन भाग आहेत, एक दगडाचा आणि एक पूजेचा. कथेप्रमाणेच पाहिले तर दगड हा अपराध होता आणि चंडीमातेपुढील पूजा हे त्याचे प्रायश्चित्त. अपराधाची आवृत्ती करून प्रायश्चित्ताचे पुण्य मिळत नाही, एवढे तरी गॅट्सबीच्या कथेवरून आपण शिकावे. झेंडा मंदिरात जावा, पळसाची पूजा व्हावी, दोन्ही गावांनी नदीत उतरून एकमेकांस भेटावे. यांतले काहीही दगडावाचून अडत नाही. आणि पुढल्या पोळ्याच्या आत पांढुर्ण्याच्या, सावरगावच्या किंवा सौंसरच्या एखाद्या घरात कोणा मुलीने आपल्या विवाहाविषयी काही सांगू म्हटले, तर घराण्याची चौकशी करण्याआधी तिचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे. ती मुलगी आणि तो तरुण यांचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग दिसत नाही.