कागदावरचा माणूस

नेमबाजीच्या लक्ष्याकडे चित्र म्हणून फारसं कुणी पाहत नाही. पाहायला हवं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते 50 मीटरवरच्या गोल लक्ष्यावर. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. तिथे माणूस नाही, त्यामुळे वैरही नाही.

पोलिसांच्या सरावातली ‘फिगर 11’ मूळची ब्रिटिश लष्कराची: बंदूक घेऊन अंगावर धावून येणारा सैनिक. वास्तववादी म्हणतात ते हेच. पण या चित्रातला माणूस आधीच दोषी ठरलेला आहे. गोळी झाडावी की नाही, हा प्रश्नच ते विचारत नाही. काही सरावांत मध्येच कडेवर मूल घेतलेल्या बाईचं चित्र उभं करतात. तिच्यावर झाडली की गुण गेले. मला ते चित्र जास्त खरं वाटतं.

आता बीड. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी खून झाला आणि जिल्ह्यातल्या बाराशेवर शस्त्रपरवान्यांची चर्चा सुरू झाली. परवान्यासाठी 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे, कागदोपत्री. त्याच महिन्यात परळीतला हवेत गोळीबाराचा व्हिडिओ फिरला. असल्या गोळीला ना वर्तुळ लागतं, ना सैनिक. तिचा नेम बघणाऱ्यावर असतो: मोबाइलवर ते पाहून, उद्या ठाण्यात तक्रार द्यायची की नाही, याचा पुन्हा विचार करणाऱ्या गावकऱ्यावर. त्याचं चित्र कुठल्या रेंजवर लावणार?