तरुण कोणाच्या खात्यावर?

तरुण लोकसंख्या हे देशावरचे ओझे की देशाचे भांडवल, हा प्रश्न आपल्याकडे शालेय निबंधापासून अर्थसंकल्पावरील चर्चेपर्यंत सगळीकडे विचारला जातो. उत्तरही ठरलेले असते : शिक्षण आणि रोजगार दिला तर भांडवल, नाही तर ओझे. हे उत्तर चूक नाही, पण ते प्रश्नाची भाषा तपासत नाही. ओझे कोणाच्या तरी डोक्यावर असते आणि भांडवल कोणाच्या तरी मालकीचे असते. हा 'कोणीतरी' कोण, याचा शोध मराठी कथात्म साहित्यात बराच आधी घेतला गेला आहे, असे मला वाटते. त्यासाठी मी तीन पुस्तके निवडली आहेत : आनंद यादव यांचे 'झोंबी' (१९८७), भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) आणि सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२). क्रम प्रकाशनाचा नसून त्यांत आलेल्या काळाचा आहे.

आधी या दोन शब्दांचा थोडा इतिहास पाहू. भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९५८ मध्ये कोल आणि हूवर या अभ्यासकांनी भारताचेच उदाहरण घेऊन मांडले की, जन्मदर चढा राहिला तर खाणारी तोंडे वाढतात, बचत घटते आणि विकास मंदावतो. 'ओझे' या शब्दाला शास्त्राचा आधार मिळाला तो असा. त्या शब्दाचे टोक आणीबाणीत दिसले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे १९२१ पासून संततिनियमनाचे काम करत होते. त्यांचा युक्तिवाद स्त्रीच्या आरोग्यापासून आणि सुखापासून सुरू होई. डोकी मोजणाऱ्या सरकारी कार्यक्रमात तो मागे पडला.

पुढे वारे फिरले. पूर्व आशियाच्या भरभराटीचा सुमारे एक तृतीयांश भाग लोकसंख्येच्या बदलत्या वयोरचनेमुळे असू शकतो, असे ब्लूम आणि विल्यमसन यांनी १९९८ मध्ये दाखवले आणि 'लोकसंख्येचा लाभांश' ही संज्ञा रूढ झाली. लाभांश हा शब्द शेअरबाजारातला आहे. तो भागधारकाला मिळतो. माणूस येथे भागधारक नाही, तो गुंतवलेला पैसा आहे.

आता 'झोंबी'कडे येऊ. कागलमधल्या कुळवाडी घरातला हा मुलगा बापाच्या दृष्टीने ओझे मुळीच नाही. तो भांडवलच आहे, फुकट राबणारे. म्हणून तर त्याला शाळेतून काढले जाते. आई आणि मुलगा गावातल्या वजनदार माणसाकडे दाद मागतात. शाळेची परवानगी मिळते तीही अटींवर : सकाळी मळ्यात राबायचे, तिथूनच शाळेत जायचे, सुटल्यावर पुन्हा गुरे राखायची. या पुस्तकावर गरिबीशी दिलेल्या झुंजीची गाथा म्हणून पुष्कळ लिहिले गेले. पण ही झुंज केवळ गरिबीशी नाही, मालकीशी आहे. मुलगा स्वतःचे वय स्वतःच्या खात्यावर मागतो आहे. 'मुले ही संपत्ती' हे वाक्य जिथे शब्दशः खरे असते, तिथेच मुलाचे शिक्षण थांबते, ही या आत्मचरित्राची साक्ष आहे.

'कोसला'त हिशेब उलटतो. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सधन घरातला. त्याचे श्रम घराला नकोत. त्याच्यावर पैसा लावला जातो. पुण्यातली वर्षे, वसतिगृहातला खर्च, वडिलांशी पैशांवरून उडणारे खटके आणि शेवटी अपयश घेऊन गावी परतणे. मराठी समीक्षेने या कादंबरीवर आधी अस्तित्ववादाची आणि नंतर देशीवादाची मोहोर उमटवली. दोन्ही वाचने मोलाची आहेत. मात्र त्यांच्या ओघात हा गुंतवणुकीवरचा परतावा नाकारणारा मुलगा आहे, हे बाजूला राहिले. पांडुरंगचे तुटलेपण बापाच्या वहीतल्या खर्चाच्या नोंदींपासून वेगळे काढता येत नाही. तरीही त्याला परतायला शेत आणि घर आहे. तोट्यात जाण्याची ऐपत त्याच्यापाशी आहे.

'बारोमास'मधल्या एकनाथपाशी ती नाही. तो एम. ए., बी. एड. आहे. म्हणजे 'योग्य शिक्षण दिले तर' ही अट त्याच्या घराने पुरी केली आहे. पण शिक्षकाची जागा पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही आणि ते पैसे उभे करायचे तर शेती विकावी लागेल. त्याची शेती त्याला पोसत नाही, पदवी कामी येत नाही. नोकरदार नवऱ्याच्या अपेक्षेने आलेली बायको दुरावते. भाऊ गुप्तधनाच्या मागे लागतो. गुप्तधनाचे हे उपकथानक मला फार अर्थपूर्ण वाटते. कष्टाचा आणि मिळकतीचा संबंध तुटला की जमिनीत पुरलेल्या हंड्याची आशा शेतीपेक्षा अधिक व्यवहार्य वाटू लागते. देश ज्याला लाभांश म्हणतो, त्याची वाट पाहणेही याहून फार वेगळे नाही.

येथे अर्थशास्त्राच्या एका मोजपट्टीबद्दल बोलले पाहिजे. अवलंबित्वाचे गुणोत्तर काढताना सर्वसाधारणपणे १५ ते ६४ वयाची सगळी माणसे 'कमावत्या वयाची' धरली जातात. या हिशेबात एकनाथ कमावता आहे. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षेची पाचवी तयारी करणारा, गावाकडच्या सोयाबीनवर जगणारा अठ्ठावीस वर्षांचा तरुणही कमावता आहे. प्रत्यक्षात अवलंबून कोण आहे, हे वय सांगत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार, देशातल्या एकूण बेरोजगारांमध्ये माध्यमिक वा त्याहून अधिक शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० मध्ये ५४.२ टक्के होता, तो २०२२ मध्ये ६५.७ टक्के झाला. शिक्षण पसरले म्हणून हा वाटा काही प्रमाणात वाढणारच होता. तरीही ठरलेल्या उत्तरातला पहिला भाग पार पडून दुसरा अडकला आहे, हे त्यातून दिसते. देशमुखांनी ते वीस वर्षे आधी एका घरापुरते दाखवले होते.

पण या तिन्ही पुस्तकांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिन्हींच्या केंद्रस्थानी मुलगे आहेत. पूर्व आशियाच्या कारखान्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने गेल्या, तो त्या भरभराटीचा महत्त्वाचा भाग होता. आपल्याकडे पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग सरकारी पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ वर गेला. आकडा सुखावतो. मात्र या वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारात आहे आणि त्यात घरच्या शेतीत वा धंद्यात विनामोबदला राबणाऱ्याही मोजल्या जातात. म्हणजे 'झोंबी'तल्या मुलाची जागा रिकामी राहिली नाही. तिथे आता बाई उभी आहे आणि तिला 'रोजगार' आहे. तिच्या बाजूने लिहिलेले 'बारोमास' मराठीत असायला हवे. घर सोडून जाणाऱ्या बायकोचा हिशेब एकनाथच्या दुःखात मावत नाही.

हे सारे तातडीचे आहे, कारण काळ थांबलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशाचा एकूण प्रजननदर २.० आहे, महाराष्ट्राचा १.७. पिढी कायम राखायला लागणाऱ्या २.१ या पातळीच्या आपण खाली आलो आहोत. ओझ्याची भीती घालणारे भाषण कालबाह्य झाले आहे आणि लाभांशाचे भाषणही फार काळ करता येणार नाही. तिशीत पहिली पक्की नोकरी धरणाऱ्याची बचतीची वर्षे कमी होतात, आईबाप तोवर थकलेले असतात आणि पाठीशी भावंडे थोडी असतात. वाट पाहण्यात गेलेली वर्षे कोणत्याही खात्यात जमा होत नाहीत.

म्हणून मूळ प्रश्न मला बदलून विचारावासा वाटतो : एका तरुणाच्या आयुष्यातली किती वर्षे त्याच्या वा तिच्या स्वतःच्या हाती आहेत? वयोगटाच्या तक्त्यात याचे उत्तर नाही. राबण्याची, शिकण्याची आणि ताटकळण्याची वर्षे वेगवेगळी मोजली, तर ते मिळू शकेल. आपल्या कादंबरीने ही मोजणी सुरू केली आहे. समीक्षेने 'ग्रामीण', 'देशी' या कप्प्यांतून ती बाहेर काढून वाचली, तर धोरणे आखणाऱ्यांनाही त्यात पाहण्यासारखे पुष्कळ सापडेल.