क्रमांक आणि नाद

वाद्यांवर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारले तर मला गप्पच बसावे लागेल. मी शाळेत मराठी शिकवते, सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. ध्वनिशास्त्र मला येत नाही, आणि गिटार वाजवता तर मुळीच येत नाही. परंतु एखादी वस्तू थोर म्हणायची ती कशाच्या बळावर, हा प्रश्न टीकाकाराचाच आहे. तो पुस्तकाविषयी विचारता येतो तसा वाद्याविषयीही विचारता येतो. गेल्या वर्षी मेच्या सुटीत मी धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला राहिले, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे एका काळ्या पेटीतून निघाला.

भावाने नुकतीच एक गिटार घेतली होती. ती ‘मर्यादित आवृत्ती’ची होती. म्हणजे अमुक एवढ्याच करू असे कंपनीने आधी जाहीर करायचे, तेवढ्याच करायच्या, आणि प्रत्येकीच्या पोटात एक चिठ्ठी चिकटवायची; चिठ्ठीवर क्रमांक आणि सही. त्याने आम्हांला ती कौतुकाने दाखवली. काठाने शिंपल्याची नक्षी होती, निळ्याहिरव्या झाकेची. दिव्याखाली मोराच्या पिसासारखी चमकत होती. माझा बारा वर्षांचा भाचा शाळेत गिटार शिकतो. तो हळूच म्हणाला, “बाबा, मी वाजवू?” भाऊ म्हणाला, “ही वाजवायची नाही, बाळा. तुझी तुला आहे ना?” आणि पेटीच्या कड्या लागल्या.

त्या कड्यांचा आवाज मला ओळखीचा वाटला. आमच्या आबांची सतार होती, मिरजेहून आणलेली. ती खोळीत घालून खुंटीला टांगलेली असे. आबा ती वर्षातून दोनचारदा काढीत. आम्ही भावंडांनी तिला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा होता. आबा गेल्यावर आम्ही खोळ काढली, तर भोपळ्याला हातभर चीर गेलेली आणि तरफांच्या तारा गंजलेल्या. तेव्हा हाच भाऊ माझ्याशेजारी उभा होता. हे मी त्या दिवशी त्याला बोलले नाही. पाहुणीने पहिल्याच आठवड्यात बोलू नये.

पुढे एक दिवस त्याने आम्हांला पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी नेले. मार्टिन कंपनीचा कारखाना तेथे आहे आणि त्याला जोडून जुन्या वाद्यांचे संग्रहालय. या घराण्याची सुरुवातच मोठी गमतीची आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतल्या सॅक्सनीचा, जन्म १७९६ चा, घराणे सुतारांचे. त्याच्या गावी व्हायोलिनवाल्यांचा संघ आणि सुतारांचा संघ यांच्यात तंटा चालू होता. व्हायोलिनवाल्यांचे म्हणणे, आम्ही कलावंत आणि हे खुर्च्या-कपाटे करणारे. यांनी गिटारी करू नयेत. अखेर १८३३ साली मार्टिनने अमेरिका गाठली आणि काही वर्षांनी नाझरेथला बस्तान बसवले. आज ज्यांच्या गिटारींची पूजा होते त्यांना एकेकाळी ‘तुम्ही नुसते सुतार’ म्हणून हिणवले होते, हे मला फार आवडले. वाङ्मयातही असे संघ असतात.

संग्राहकांच्या जगात जिला शिरोमणी म्हणतात ती याच कारखान्याची ‘डी-४५’. १९३३ साली जीन ऑट्री या गाणाऱ्या सिनेनटाने ती मागवली. कंपनीचा सर्वांत मोठा आकार, तोही एका ब्रिटिश युद्धनौकेच्या नावावरून ‘ड्रेडनॉट’ म्हटलेला. त्यावर होती नव्हती ती सारी नक्षी, आणि पडद्यांच्या पट्टीवर शिंपल्यात कोरलेले खुद्द त्याचे नाव. रुचीच्या दृष्टीने बोलायचे तर हा थोडा लग्नातला थाट झाला. त्यानंतर १९४२ पर्यंत अशा सगळ्या मिळून ९१ झाल्या. ९१ च का? कोणी ठरवले म्हणून नव्हे. आधी मंदीचे दिवस, एवढी महाग गिटार घेणार कोण. मग महायुद्ध आले आणि काम थांबले. म्हणजे हे दुर्मिळपण परिस्थितीने केले. ते कोणी छापून जाहीर केले नव्हते.

पण नुसती दुर्मिळ म्हणून ती मोलाची नाही, आणि इथे जरा वाद्याच्या पोटात शिरले पाहिजे. गिटारची वरची फळी, आपण सतारीची तबली म्हणतो तशी, तीन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिच्यावर पोलादी तारांचा ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस सतत लोंबकळत असल्यासारखा. ती फळी मोडू नये म्हणून आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवतात. मार्टिनच्या कारागिरांनी १८४० च्या दशकात या पट्ट्या फुलीसारख्या आडव्यातिडव्या बसवायला आरंभ केला. पट्ट्या जाड ठेवाव्या तर गिटार सुरक्षित पण मुकी. बारीक कराव्या तर बोलकी, पण केव्हा पोट फुगेल याचा नेम नाही. युद्धापूर्वीच्या गिटारींत या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. पुढे लोक जाड तारा लावू लागले, तबल्या फुगू लागल्या, दुरुस्त्या येऊ लागल्या; १९४४ च्या अखेरीस कंपनीने कोरणेच बंद केले. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. परंतु वाजवणारे जुन्या गिटारी शोधत राहिले, आणि १९७६ साली कंपनीला एका नव्या नमुन्यात पुन्हा कोरलेल्या पट्ट्या आणाव्या लागल्या. तेव्हा त्या जुन्या गिटारीचे वैशिष्ट्य काय, तर ती मोडण्याच्या अगदी काठावर उभी आहे. शिंपला वरून लावलेला. खरा प्रकार आत, दिव्याच्या उजेडात न दिसणारा.

आता ठरवून केलेल्या दुर्मिळपणाकडे येते. १९९२ च्या जानेवारीत एरिक क्लॅप्टनने दूरदर्शनच्या एका कार्यक्रमासाठी विजेच्या गिटारी बाजूला ठेवून साध्या गिटारीवर गाणी म्हटली. तिथे त्याच्या मांडीवर १९३९ सालची, मधल्या आकाराची मार्टिन होती. कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका अफाट खपली. १९९५ साली मार्टिनने त्या नमुन्यावर क्लॅप्टनच्या सहीची आवृत्ती काढली, बरोबर ४६१ गिटारींची. हा आकडा त्याच्या १९७४ च्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नावातला, मुळात एका घराचा क्रमांक. पाहता पाहता त्या संपल्या. एखाद्याच्या घराच्या पत्त्यावरून वाद्यांची संख्या ठरावी हे मला पोरकट वाटते. पण एक गोष्ट कबूल करते. या आवृत्तीमुळे ड्रेडनॉटच्या धडाक्यात मागे पडलेला तो मधला आकार पुन्हा लोकांच्या नजरेत भरला. पुढच्याच वर्षी कंपनीने तोच घाट, कमी नक्षीचा, कितीही संख्येने मिळेल असा बाजारात आणला. आणि तो खरोखर वाजवणाऱ्यांच्या हातात गेला. माझ्या मते ४६१ गिटारींचे सर्वांत चांगले अपत्य ते. १९३९ ची मूळ गिटार २००४ साली लिलावात ७,९१,५०० डॉलरला गेली. तिच्या पोटात कसलाही क्रमांक कोणी कौतुकाने घातला नव्हता.

मलाही या आवृत्तीच्या प्रकाराचा एकदा अनुभव आला आहे. एका कादंबरीच्या पन्नास प्रती प्रकाशकाने रेशमी बांधणीत काढल्या. मी एकेकीवर सही केली, क्रमांक घातले. त्यांतली एखादी कोणी वाचल्याचे अजून माझ्या कानी नाही. पत्रे आली ती वाचनालयातल्या पुठ्ठा निघालेल्या प्रतीच्या वाचकांची.

संग्राहक आणखी एका गोष्टीवर जीव टाकतात, ती म्हणजे लाकूड. जुन्या मार्टिनची पाठ आणि कुशी ब्राझीलमधल्या एका शिसवी जातीच्या लाकडाची असे. ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधने घातली, तेव्हा १९६९ साली मार्टिनने आपल्या नेहमीच्या गिटारींना भारतातले लाकूड लावायला सुरुवात केली. हे लाकूड कोणते? आपले शिसव! ज्याचे देव्हारे आणि पलंग आपल्या आजोळी होते, जे सह्याद्रीच्या रानात वाढते, तेच. १९९२ पासून ब्राझीलच्या त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे, त्यामुळे जुन्या साठ्यातल्या फळ्या वापरून मर्यादित आवृत्त्या निघतात आणि त्यांची किंमत आकाशाला भिडते. आपले शिसव मात्र ‘नेहमीचे’ ठरले. माझा सह्याद्रीचा अभिमान थोडा दुखावला, हे लपवत नाही.

परंतु कानाला हा भेद कळतो का? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच घडणीच्या सहा गिटारी करून घेतल्या; फरक एवढाच की प्रत्येकीची पाठ-कुशी वेगळ्या लाकडाची. त्यांत ब्राझीलचे लाकूड होते, आपले शिसवही होते. ५२ वादकांनी त्या न पाहता वाजवल्या. त्यांच्या पसंतीत लाकडाप्रमाणे काही म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९९५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बॉब टेलर या गिटारकर्त्याने याहून खट्याळ प्रयोग केला होता. मालवाहतुकीच्या टाकाऊ लाकडी चौकटीच्या ओक फळ्या घेऊन त्याने गिटार बांधली आणि खिळ्यांची भोके लपवण्याऐवजी ती धातूच्या टिकल्यांनी मिरवली. गिटार उत्तम वाजली. कसबी हात असला की लाकडाचे कुळ पाहावे लागत नाही, हे त्याला दाखवायचे होते. आणि मौज अशी की पुढे त्या भंगार गिटारीचीही मर्यादित आवृत्ती निघाली, २५ नगांची. संग्राहकांनी तीही उचलली!

या सगळ्या पसाऱ्यात माझे मन बसले ते दोन जखमी वाद्यांवर. पहिले विली नेल्सन या गायकाचे. त्याने १९६९ साली एक मार्टिन घेतली, बोटांनी वाजवायच्या जातीची, नायलॉनच्या तारांची. तो ती पिकने वाजवीत राहिला. अशा गिटारीला पिकपासून जपणारी पट्टी नसते. वर्षानुवर्षे घासून घासून तबलीला गोल भोकाशेजारी दुसरे भोक पडले. मित्रांनी तिच्यावर सह्या केल्या. तो दुसरी घेत नाही. १९९८ साली मार्टिनने या गिटारीच्या नावाने मर्यादित आवृत्ती काढली. घाट तोच, नाव तेच, भोक अर्थातच नाही. ते कसे घालणार? दुसरे वाद्य टोनी राइसचे. १९३५ सालची डी-२८, आधी क्लॅरेन्स व्हाइटच्या हातातली. तिचे गोल भोक कधीकाळी कोरून मोठे केलेले, पट्टी भलत्याच गिटारीची. १९७३ साली व्हाइट अपघातात गेला. दोन वर्षांनी राइसने ती शोधून विकत घेतली. १९९३ च्या पुरात ती पाण्यात बुडाली, दुरुस्त झाली, पुन्हा मंचावर आली. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. खालच्या तारांचा आवाज पितळी घंगाळात पाणी पडावे तसा भरदार, आणि वरचा प्रत्येक सूर सुटा, मोत्यासारखा. असल्या डागडुजीच्या वाद्याला संग्राहकाच्या भाषेत ‘मूळ स्थिती नाही’ म्हणतात.

तरीही पेटीत ठेवणाऱ्यांवर सरसकट टीका करणे बरोबर होणार नाही. २०१५ सालच्या ‘द हेटफुल एट’ या चित्रपटासाठी मार्टिनच्या संग्रहालयाने १८७० च्या सुमाराची एक गिटार उसनी दिली होती. प्रसंगात गिटार आपटून फोडायची होती. ऐनवेळी नकली गिटार द्यायची राहिली, आणि कर्ट रसेलने खरीच फोडली. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. समोरच्या नटीची किंकाळी खरी आहे, आणि ती पडद्यावर तशीच राहिली. त्यानंतर कंपनीने चित्रपटांना गिटारी देणे बंद केले. त्यांचे काय चुकले? शिवाय अस्सल लाकडाची गिटार कोरड्या हवेत तडकते. अमेरिकेतल्या हिवाळ्यात, बंद घरात, पेटीत ओलावा राखून ठेवावीच लागते. भाऊ मला हे सारे आकड्यांनिशी समजावून सांगत होता. त्याचे खरेच होते. पण आबाही सतारीबद्दल असेच काही सांगत असत.

निघायच्या आदल्या रात्री मी त्याला सतारीची आठवण दिली. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने पेटी उघडली, गिटार लावली आणि मुलाच्या हाती दिली. पोराने तीन-चार साधे स्वरमेळ वाजवले, एक चुकला. गिटार चांगली होती, अगदी प्रामाणिकपणे सांगते. खालचे सूर खोल, वरचे स्वच्छ. फक्त अजून लाजल्यासारखी, नव्या मुलीने वर्गात उत्तर द्यावे तशी. भावाने नंतर मऊ फडक्याने बोटांचे ठसे पुसले.

आता म्हणे शनिवारी अर्धा तास मिळते. अट एवढीच, की कमरेचा पट्टा काढून बसायचे. त्याचे बकल पाठीला घासते. आबांची सतार मी दसऱ्यानंतर मिरजेला नेऊन टाकली आहे. भोपळा बदलावा लागेल असे कारागीर म्हणतात.