नोंद नाही म्हणजे लग्नच नाही?

समजा, तुम्ही इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याचा माग काढताय. १७४०च्या सुमारास मुलाचा बाप्तिस्मा झालाय, आईबापांची नावंही लिहिलीत, पण त्यांचं लग्न काही त्या पॅरिशच्या रजिस्टरात सापडत नाही. वंशावळ शोधणारी मंडळी इथं पटकन म्हणून मोकळी होतात, 'तेव्हा चालायचं हो, नुसतेच एकत्र राहायचे.' रिबेका प्रोबर्ट यांचं 'मॅरेज लॉ फॉर जीनिऑलॉजिस्ट्स' (२०१२) नेमकं या वाक्यावर तुटून पडतं. बाई कायद्याच्या इतिहासाच्या अभ्यासक आहेत. त्यांचा मुद्दा असा, की नोंद मिळाली नाही तर पूर्वजांच्या आधी स्वतःच्या शोधावर संशय घ्या.

रजिस्टरं पाहिली की हे पटतं. टॉमस क्रॉमवेलने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला नोंदी ठेवायला लावल्या खऱ्या, पण किती लिहायचं ते बरंचसं पाद्र्याच्या मर्जीवर. कुठे कुठे तर नवरीचं नावच नाही! लग्न बऱ्याचदा नवरीच्या गावी लागायचं आणि पोरं बाप्तिस्म्याला नवऱ्याच्या गावी. लंडनमध्ये फ्लीट तुरुंगाच्या आसपास चोरून लागलेली लग्नं निराळ्याच वह्यांत. शिवाय वर्षाचा घोळ. १७५१पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. लग्न एप्रिल १७४०, बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४० असं वाचून भुवया उंचावू नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४१चा.

हार्डविकचा कायदा २५ मार्च १७५४ला लागू झाला. त्यानंतर दोघांची सही किंवा फुली, दोन साक्षीदार, असं सगळं आलं. (क्वेकर आणि ज्यू यांना सूट होती, कॅथलिकांना मात्र कायदेशीर लग्नासाठी अँग्लिकन चर्चच गाठावं लागे.) या कायद्याने लोकांना पहिल्यांदाच चर्चमध्ये ढकललं, ही समजूत प्रोबर्ट खोडून काढतात. त्यांच्या मते बहुतेक जोडपी आधीही तिथंच जात होती. पुस्तकातला हा भाग मला सर्वात भक्कम वाटतो.

खटकतं ते पुढे. न सापडलेलं प्रत्येक लग्न जर शोधातली उणीव ठरणार असेल, तर एखाद्या जोडप्याने लग्न केलंच नव्हतं हे सिद्ध व्हायचं कशाने? यावर एक उत्तर असं, की मूल अनौरस असलं तर पाद्री तसं नोंदवत असत. खेड्यात ठीक आहे, तिथे कोण कुणाचं हे पाद्र्याला माहीत असतं. पण लंडनच्या गजबजलेल्या पॅरिशमध्ये? कालच खोली घेऊन राहायला आलेल्या बाईने 'आम्ही नवराबायको' म्हटलं की तो तरी काय तपासणार? हा युक्तिवाद शहरात शिरला की पातळ होतो, आणि वंशावळवाल्यांचे निम्मे धागे शेवटी लंडनमध्येच जाऊन तुटतात.

म्हणून माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात 'झालं' आणि 'नाही' यांच्या शेजारी 'ठरवता येत नाही' असा तिसरा रकाना आहे. नुसता लायसन्सचा बाँड सापडला, तर ते जोडपंही तिथंच जातं. बाँड म्हणजे लग्नाचा इरादा, लग्न नव्हे.