मध्यरात्रीचा एकटा साक्षीदार : ‘अ फायटिंग चान्स’मधील समुद्रसर्पाच्या प्रसंगाची चिकित्सा

साहसवृत्तांताचे वाचन बहुधा दोन अपेक्षांनी केले जाते. निवेदकाने जे सोसले ते खरे असावे, अशी एक अपेक्षा असते आणि त्याने जे पाहिले ते वाचकाला दिसावे, अशी दुसरी. दिवसाच्या उजेडातील घटनांबाबत या अपेक्षांमध्ये फारसा विरोध निर्माण होत नाही. परंतु महासागरावर, रात्रीच्या अंधारात, झोपेने ग्रासलेला माणूस जेव्हा एखादी विलक्षण वस्तू पाहतो आणि पुढे ती लिहून काढतो, तेव्हा ‘सोसणे’ आणि ‘पाहणे’ यांची सरमिसळ होते. त्या अनुभवाच्या मुळाशी असलेली थकव्याची अवस्था खरी असते, म्हणूनच त्या अवस्थेत दिसलेली वस्तू संशयास्पद ठरते. जॉन रिजवे आणि चेय ब्लाइथ यांच्या ‘अ फायटिंग चान्स’ (१९६६) या पुस्तकातील समुद्रसर्पाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. हा प्रसंग समुद्रसर्पाचा पुरावा म्हणून अनेकदा उद्धृत झाला आहे आणि थकलेल्या मेंदूचा खेळ म्हणून तितक्याच सहजतेने निकालातही काढला गेला आहे. एक गद्य उतारा म्हणून त्याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ब्रिटिश लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटमधील कॅप्टन रिजवे आणि सार्जंट ब्लाइथ हे ४ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप कॉड येथून ‘इंग्लिश रोझ ३’ नावाच्या सुमारे २० फूट लांबीच्या उघड्या नौकेतून निघाले. निव्वळ वल्ह्यांच्या बळावर अटलांटिक ओलांडून ९२ दिवसांच्या प्रवासानंतर ३ सप्टेंबर रोजी ते आयर्लंडच्या पश्चिमेकडील अॅरन बेटांपैकी इनिशमोर बेटावर पोहोचले. दोघांनी मिळून लिहिलेल्या या पुस्तकात दोघांचीही निवेदने येतात. एकाने सांगितलेले दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहण्याची सोय या रचनेतच आहे. समुद्रसर्पाच्या प्रसंगात मात्र ती सोय नाहीशी होते, कारण त्या वेळी ब्लाइथ झोपला होता.

प्रसंग जुलैतील एका रात्रीचा आहे. रिजवे वल्हवत होता. नौकेच्या उजव्या बाजूस पाण्यात सळसळ झाली आणि त्या आवाजाने तो पुरता जागा झाला. पाण्यात वळवळणारी, पिळे घेणारी एक प्रचंड आकृती त्याला दिसली. तिची बाह्यरेषा समुद्राच्या स्वयंप्रकाशाने उजळली होती आणि ती दिव्यांची माळ लोंबत असावी तशी त्याला भासली. तिची लांबी त्याच्या अंदाजाने ३५ फुटांहून कमी नव्हती. सुमारे १० सेकंद ती त्याच्या नजरेसमोर होती. मग ती थेट त्याच्या रोखाने आली आणि नौकेखाली दिसेनाशी झाली. भीतीने गोठलेल्या रिजवेने मोठ्या प्रयासाने मान वळवून डाव्या बाजूस पाहिले, तेथे काहीच नव्हते. क्षणभराने पाण्यावर काही आदळल्याचा मोठा आवाज तेवढा आला. त्या प्राण्याने डोके वर काढून पुन्हा पाण्यात टाकले असावे, असे त्याने अनुमान केले.

या वर्णनातील पहिला महत्त्वाचा तपशील जागे होण्याचा आहे. जो पुरता जागा झाला, तो त्यापूर्वी पुरता जागा नव्हता. त्याचे हात वल्ही ओढत होते आणि मन अर्धवट निद्रेत होते. आठवड्यांमागून आठवडे एकसुरी श्रम करणाऱ्या शरीराला ही अवस्था अपरिचित नसते. निवेदकाने हा तपशील लपवलेला नाही. किंबहुना तो स्वतःच्या बाजूने वापरला आहे. आवाजाने झोप उडाली, म्हणजे पुढचे सारे जागेपणीचे, असा त्याचा सूचित युक्तिवाद आहे. परंतु झोपेतून दचकून जागे होण्याचा क्षण हा संपूर्ण जागृतीचा क्षण असतोच असे नाही. वर्णनातील अत्यंत तीव्र १० सेकंद नेमके याच सीमेवर येतात.

दुसरा तपशील वल्हवणाऱ्याच्या बैठकीचा आहे. वल्हवणारा माणूस ज्या दिशेने जातो, तिकडे त्याची पाठ असते. मागे टाकलेले पाणी त्याला दिसते, पुढचे दिसत नाही. नौकेची उजवी बाजू त्याच्या डाव्या हाताला येते. शिडाच्या होडीवरील सुकाणू धरणाऱ्याची नजर आणि वल्हवणाऱ्याची नजर यांत हा मूलभूत फरक आहे आणि साहसवृत्तांतांच्या समीक्षेत त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. या उताऱ्यातील भय केवळ प्राण्याच्या आकारातून येत नाही. वस्तू एका बाजूस दिसते, खाली नाहीशी होते, आणि जिथे ती पुन्हा यावी तिकडे पाहण्यासाठी मान वळवावी लागते. मान वळवण्याची ती क्रिया हा उताऱ्याचा खरा कळस आहे. सर्प त्यापूर्वीच संपलेला असतो.

यानंतर निवेदक आपण कल्पनाशील माणूस नसल्याचे सांगतो. भारतीय प्रमाणशास्त्राच्या परिभाषेत हा आप्तत्वाचा दावा आहे. नैयायिकांच्या मते आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि ती जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा मनुष्य. रिजवेच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र कल्पनेचा अभाव हा आप्तत्वाचा निकष होऊ शकत नाही. प्रामाणिक आणि रूक्ष स्वभावाच्या माणसालाही दोरीच्या ठिकाणी साप दिसतो. किंबहुना दिव्यांच्या माळेची जी उपमा निवेदकाने योजली आहे, तीच त्याचा हा दावा खोटा पाडते. ही उपमा या उताऱ्यातील सर्वांत सरस जागा आहे आणि ती कल्पनाशक्तीखेरीज सुचत नाही.

निवेदकाचा निष्कर्ष ज्या मार्गाने येतो, तो मार्ग न्यायशास्त्रातील शेषवत् अनुमानाचा आहे. शक्य ते पर्याय एकेक करून बाद करावयाचे आणि उरेल तो स्वीकारावयाचा. देवमासे, शार्क, डॉल्फिन, उडते मासे हे सारे या प्रवासात पाहिले होते. हे त्यांपैकी काही नव्हते. तेव्हा नाइलाजाने समुद्रसर्पच मानावा लागतो. या अनुमानाचे बळ पर्यायांची यादी पूर्ण असण्यावर अवलंबून असते. तेच प्राणी गडद अंधारात, केवळ प्रकाशरेषांनी रेखाटले गेले तर कसे दिसतील, हा पर्याय यादीत नाही. समुद्राचा हा प्रकाश सूक्ष्म जीवांचा असतो. पाणी ढवळले गेले की ते क्षणभर चमकतात. ‘नॉक्टिल्युका’ हा त्यांपैकी एक जीव अरबी समुद्रातही आढळतो आणि कोकण किनाऱ्यावरच्या चमकत्या लाटा अनेक मराठी वाचकांनी पाहिलेल्या असतील. हा प्रकाश प्राण्याचे शरीर दाखवत नाही, प्राण्याने हलवलेले पाणी दाखवतो. एकामागे एक पोहणारे तीन-चार डॉल्फिन अशा पाण्यात एकसंध, वळवळणारी रेषा निर्माण करू शकतात. ३५ फुटांच्या आसपास वाढणारा बास्किंग शार्कही उत्तर अटलांटिकमध्ये असतो. यांपैकी त्या रात्री नेमके काय होते, हे ठरवणे आता शक्य नाही.

येथे मानसशास्त्रीय स्पष्टीकरणाकडे वळण्याचा मोह होतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बदलत्या संवेदनांपासून वंचित ठेवलेल्या विद्यार्थ्यांना बसल्या जागी आकृत्या दिसू लागल्या होत्या. रात्रीचा महासागर आणि वल्ह्यांची अखंड लय यांना हे निरीक्षण लागू करणे सोपे आहे. परंतु ते फार सोपे आहे. मॅकगिलमधील आकृत्यांना बाहेर कोणताही विषय नव्हता. रिजवेच्या अनुभवात आवाज आहे, प्रकाश आहे आणि शेवटी पुन्हा आवाज आहे. निर्विषय भास आणि वस्तूचा अन्यथा बोध यांत फरक केला नाही, तर ‘थकवा’ हा शब्द सर्व प्रश्नांचे उत्तर होऊन बसतो आणि उतारा वाचण्याची गरजच उरत नाही.

प्रभाकर मीमांसकांचा अख्यातिवाद येथे अधिक उपयोगी पडतो. त्यांच्या मते भ्रमात चुकीचे असे काही जाणलेच जात नाही. समोरचे ‘हे’ प्रत्यक्ष असते आणि ‘सर्प’ स्मरणातून आलेला असतो. चूक एवढीच, की या दोहोंतील भेद लक्षात येत नाही. प्रकाशाची वळवळती रेषा प्रत्यक्ष आणि खलाशांच्या कथांतील समुद्रसर्प स्मृत, अशी या प्रसंगाची फोड करता येते. रज्जुसर्पाच्या परंपरागत दृष्टांतात मात्र पुढे दिवा आणला जातो, दोरी दोरी म्हणून दिसते आणि आधीच्या ज्ञानाचा बाध होतो. अटलांटिकवर दिवा आणणारा कोणी नसतो. भ्रम असलाच, तर त्याला बाधक ज्ञान कधीच मिळाले नाही. जो सर्प दोरी होऊ शकत नाही, त्याचे काय करावयाचे, ही निवेदकाची खरी अडचण आहे आणि उताऱ्यातील ताण तिथून येतो.

अशा अडचणीतून सुटण्याचा वेगळा मार्ग जोशुआ स्लोकम याने दाखवला होता. १८९५ मध्ये अॅझोर्स बेटांनंतरच्या वादळात, पांढरे चीज आणि प्लम खाऊन पोट बिघडलेले असताना, कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या आपल्या होडीचे सुकाणू धरून उभा असल्याचे त्याने पाहिले. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तो हे मिस्कीलपणे सांगतो. होडी योग्य दिशेनेच गेली होती, हेही तो नोंदवतो आणि वाचकाकडून विश्वासाची मागणी करत नाही. स्लोकमजवळ आजाराच्या रूपाने बाधक ज्ञान होते, म्हणून त्याला विनोद परवडला. रिजवे लष्करी अधिकारी आहे. त्याचे कथन जबानीच्या स्वरूपाचे आहे आणि जबानीत विनोदाला जागा नसते. वाङ्मयीन दृष्ट्या स्लोकमचे पान निःसंशय सरस आहे. तरीही एका बाबतीत रिजवेचे श्रेय मान्य करावे लागते. प्राणी पाण्यावर आलेला आपण पाहिला नाही, केवळ आवाज ऐकला, हे तो स्पष्टपणे नमूद करतो. कल्पनाहीन असल्याच्या घोषणेपेक्षा ही एक कबुलीच त्याला विश्वासार्ह साक्षीदार ठरवते. संकलनांतून उद्धृत होताना हा उतारा भोवतालच्या आठवड्यांच्या शिणापासून तोडला जातो. मग कबुली मागे पडते आणि सर्प तेवढा लक्षात राहतो.

त्याच उन्हाळ्यात डेव्हिड जॉनस्टन आणि जॉन होअर हे दोघे ‘पफिन’ नावाच्या नौकेतून याच महासागरावर वल्हवत होते. ते व्हर्जिनिया बीचहून २१ मे रोजी, म्हणजे रिजवे-ब्लाइथ यांच्या आधी निघाले होते. १४ ऑक्टोबर १९६६ रोजी कॅनडाच्या नौदलाच्या जहाजाला ‘पफिन’ समुद्रात उलटलेल्या अवस्थेत आढळली. माणसे सापडली नाहीत, नोंदवही सापडली. तिच्यातील अखेरची नोंद ३ सप्टेंबरची, रिजवे आणि ब्लाइथ इनिशमोरला पोहोचले त्याच दिवसाची आहे. नोंदवही त्या त्या दिवशी लिहिली जाते, पुस्तक किनाऱ्यावर परतल्यानंतर. दिव्यांची माळ ही उपमा, पर्यायांची यादी आणि स्वतःच्या स्वभावाविषयीचे ते विधान, या तिन्ही गोष्टींमागे किनाऱ्यावरचा लेखक आहे. सळसळ, १० सेकंद आणि वळवलेली मान एवढेच त्या रात्रीचे आहे. त्यानंतर रिजवेने वल्ही उचलली आणि पुन्हा वल्हवू लागला.