तळीरामाचा हशा

फराळाचे ताट पुढे असताना दारूची गोष्ट काढणे शिष्टसंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या दारूविषयी मी बोलणार आहे ती आपण सर्वांनी नाट्यगृहात बायकामुलांसह, शेजारीशेजारी बसून चाखलेली आहे. आणि तिची धुंदी हसण्याची आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीरामाबद्दल मला थोडे बोलायचे आहे, आणि त्याच्या निमित्ताने एका जुन्या वादाबद्दलही. प्रेक्षक विनोदाला हसतात, घरी जातात आणि त्या विनोदाच्या जोरावर काही भलतेच करून बसतात; तर त्याचा दोष हसवणाऱ्याकडे जातो काय?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले हसवणाऱ्याचे : ‘थट्टा ती थट्टा, कोणी ती मनावर घेतली तर आम्ही काय करावे?’ दुसरे सोवळ्या टीकाकाराचे : ‘लोक बिघडतात ते असल्या नाटकांनीच!’ मला ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. पहिले खरे मानले तर विनोद ही अगदी निष्प्रभ वस्तू ठरते, आणि निष्प्रभ वस्तूसाठी कोणी तिकीट काढीत नाही. दुसरे मानले तर प्रेक्षक म्हणजे ओल्या मातीचा गोळा ठरतो. तसा प्रेक्षक मी तरी अद्याप पाहिलेला नाही.

‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीकडून. त्याच वर्षाच्या जानेवारीत गडकरी गेले होते. तळीरामाला मिळालेला हशा त्यांनी कधी ऐकलाच नाही. कथा आपल्या परिचयाची आहे. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो, सहा महिन्यांसाठी सनद जाते, आणि त्या जळत्या घटकेला त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढे अब्रू जाते, घर जाते, तान्हे मूल जाते, सिंधू जाते आणि अखेर सुधाकरही विष घेऊन जातो. या होरपळीच्या मधोमध गडकऱ्यांनी आर्यमदिरामंडळाची बैठक मांडली आहे. तिथे शास्त्रीबुवा आहेत, खुदाबक्ष आहे. सभा-ठराव, सुधारणा, धर्म या सगळ्यांच्या पगड्या काढून त्या दारूच्या डोक्यावर चढवलेल्या आहेत.

आता एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपण ज्या प्रश्नाचा खल करीत आहोत तो खुद्द नाटकातच मांडलेला आहे. तळीराम हा नाटकातला विनोदकार आहे आणि सुधाकर हा त्याचा पहिला श्रोता. तळीराम जबरदस्ती करीत नाही. तो फक्त बोलतो, चटकदार बोलतो. प्याला सुधाकर स्वतःच्या हाताने उचलतो, आणि शेवटचे प्रायश्चित्तही स्वतःच घेतो. म्हणजे करणाऱ्याचे पाप करणाऱ्याच्याच माथी, हे गडकऱ्यांना मान्य आहे. पण म्हणून तळीराम निर्दोष सुटतो काय? मुळीच नाही. समोरचा माणूस कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. बोलणाऱ्याचा अपराध नुसत्या शब्दांत नसतो. ते कोणासमोर आणि कोणत्या घटकेला उच्चारले, हे जाणून असण्यात असतो.

ही कसोटी मग गडकऱ्यांनाही लावली पाहिजे. त्यांनी दारूवर फिर्याद केली. परंतु आरोपीला वकील असा नामांकित दिला की, फिर्यादीच्या साक्षी ऐकून डोळे पुसणारा प्रेक्षक घरी जाताना आरोपीचीच वाक्ये घोकत जातो. तळीराम हे नाव आज मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे. दर ३१ डिसेंबरला वर्तमानपत्रांत ‘तळीरामां’च्या बातम्या येतात, आणि त्या वाचताना आपल्या ओठांवर हसू येते. सुधाकराचे मात्र सामान्यनाम झाले नाही. आणि गीतेचे काय? ती तळीरामाची बायको. सिंधूइतकीच तीही दारूने नागवलेली. पण सिंधूच्या वाट्याला आपले अश्रू आले, आणि गीतेच्या तिखट जिभेला आपण दाद देत राहिलो. दुःख तेच, पण विनोदाच्या दालनात पडल्यामुळे ते आपल्याला दिसेनासे झाले. एवढ्या थोर नाटकातला हा दोष मी दोषच म्हणेन.

अर्थात मला हे सांगायचा अधिकार जरा संशयास्पद आहे, कारण मी स्वतः तळीराम झालो आहे. शाळकरी वयात आमच्या वाड्याच्या गणेशोत्सवात आम्ही आर्यमदिरामंडळाचा प्रवेश तेवढा सुटा करून बसवला. सिंधूचे प्रवेश गाळले, रडके म्हणून! हशा इतका पिकला की, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग करावा लागला. वाड्यात मागच्या खोल्यांत राहणारे एक गृहस्थ संध्याकाळी घरी परतताना भिंत धरून येत. त्या उत्सवानंतर ते दिसले की मुले माझीच वाक्ये, माझ्याच हेलात म्हणू लागली. त्यांचा मुलगा आमच्यात खेळायला येत असे. तो यायचा थांबला. काही दिवसांनी त्याची आई नळावर भेटली. म्हणाली, “तुझं काम छान झालं हो. पण आमच्या घराला नाव पडलं बघ.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

यात दोषी कोण? गडकरी खचित नव्हेत. त्यांनी त्या हशाशेजारी सिंधू उभी केली होती. तिला घालवली आम्ही. वाक्ये फेकली ती मुलांनी, आणि त्यांचा दोष त्यांचाच. पण मागच्या खोलीत कोण राहते हे मला ठाऊक होते, आणि प्रवेश निवडताना मी तिकडे पाहिले नाही. माझा वाटा तेवढाच. पण तो दुसऱ्या कोणाच्या पदरात टाकता येत नाही.

हसू दाराबाहेर जातेच. ते कोणाच्या दारात जाऊन उभे राहते, एवढाच काय तो प्रश्न. देवलांच्या ‘शारदे’त, १८९९ साली, पोरीशी लग्न करायला निघालेला श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ सगळ्यांच्या हशाचा धनी झाला. तो हशा प्रेक्षकांनी गावात नेला असेल आणि एखाद्या जरठ नवरदेवाच्या मागे पोरांनी टाळ्या पिटल्या असतील, तर त्यात शारदेसारख्या मुलीचेच हित होते. तिथे हसू पैशावर आणि अधिकारावर चालून गेले. आमच्या वाड्यात ते आधीच खाली मान घालून चालणाऱ्या एका पोरावर जाऊन पडले.

आज तर हसवणारा एकटाच ध्वनिक्षेपकापुढे उभा राहतो, आणि त्याच्या दोन तासांतला अर्धा मिनिट मोबाइलवरून गावोगाव फिरतो. आमच्या वाड्याने जी काटछाट केली तीच आता हजारो हात करतात. त्या प्रत्येक कात्रीचा जाब हसवणाऱ्याला विचारणे अन्यायाचे होईल. आणि त्याच्या तोंडाला सरकारी कुलूप घालणे त्याहून वाईट, कारण त्या कुलपाची किल्ली बहुधा भुजंगनाथाच्याच कनवटीला असते.

पण एक गोष्ट हसवणाऱ्याकडे आहे, जी दुसऱ्या कोणाकडे नाही. हशा कोणत्या वाक्याला येतो हे त्याला रोज, समोरासमोर ऐकू येते. तळीराम पडला म्हणून लोक हसतात की गीता रडली म्हणून, हे प्रेक्षागृहात त्याच्याइतके नेमके कोणाला कळणार? ऐकून न ऐकल्यासारखे करून तेच वाक्य दुसऱ्या दिवशी अधिक ठसक्यात म्हटले, तर मात्र पुढच्या प्रकाराला ‘मी नुसता हसवत होतो’ हे उत्तर पुरणार नाही. गडकऱ्यांना तो हशा ऐकायला मिळाला नाही. मला मिळाला होता, दोन दिवस; आणि दुसऱ्या दिवशी मी आवाज आणखी चढवला होता.